सामूहिक वनहक्काचा दावा उपविभागातून परत आला: भांडायचं की ठराव नव्याने घ्यायचा?

कोरडा_नाला

नमस्कार मंडळी,

गाव पूर्व विदर्भातलं, पण अनुसूचित क्षेत्राबाहेरचं. महसुली गाव एक, त्याला लागून दोन टोले (छोट्या वस्त्या), मतदार ४१२. साधारण निम्मी कुटुंबं गोंड, बाकी ढिवर, कुणबी आणि इतर. ग्रामपंचायत गटाची आहे, तिच्यात आणखी दोन गावं येतात. ग्रामसभेने नमुना 'ब' (सामूहिक हक्कांचा) आणि नमुना 'क' (सामूहिक वनसंसाधनाचा) दोन्ही भरून ६४० हेक्टरचा दावा उपविभागस्तरीय समितीकडे दिला होता. आता फाइल परत आली आहे. सोबत आदेश नाही, फक्त एका पानाचं टिपण, खाली कार्यालयातल्या कर्मचाऱ्याची सही. टिपणात चार त्रुटी आहेत:

१. इतर पारंपरिक वननिवासींचा जमिनीवर ७५ वर्षांचा ताबा सिद्ध होत नाही.
२. कायद्यातली मर्यादा ४ हेक्टर असताना ६४० हेक्टर मागितले आहेत.
३. स्थळ पडताळणीला वनविभागाचा प्रतिनिधी हजर नव्हता.
४. काही भाग शेजारच्या गावाच्या महसुली हद्दीत आहे, काही वनविकास महामंडळाकडे आहे.

गावात दोन मतं आहेत. एक म्हणतं थेट जिल्हास्तरीय समितीकडे जाऊ, दुसरं म्हणतं सगळं पुन्हा करू. पुन्हा केलं तर आधीच्या दाव्याची तारीख जाते का? नकाशा हाताने काढलेला आहे, तो चालेल का? आणि हक्क मिळालाच तर तेंदूच्या (विडीच्या पानांच्या) हंगामाची तयारी कुठून सुरू करायची, हेही जाणकारांनी सांगावं.

दप्तरखाना

आधी टिपणाबद्दल. तो आदेश नाही आणि दावा नाकारण्याचा अधिकारही त्या समितीला नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे उपविभागस्तरीय समितीचं काम ग्रामसभेचा ठराव तपासणं, वनहक्कांचा अभिलेख तयार करणं आणि तो अंतिम निर्णयासाठी जिल्हास्तरीय समितीकडे पाठवणं, एवढंच. ठराव अपुरा वाटला तर कारणं नोंदवून तो फेरविचारासाठी ग्रामसभेकडे पाठवता येतो, पण तेही समितीने बैठकीत ठरवायला हवं. समितीला बदलाची किंवा नकाराची शिफारस करायची असेल तर कारणांसह लेखी आदेश हवा आणि दावेदाराला तो कळवायला हवा, कारण ६० दिवसांची याचिकेची मुदत त्यावरूनच मोजतात. तेव्हा पहिलं पत्र हे द्या: 'ज्या बैठकीत हा निर्णय झाला तिची तारीख, इतिवृत्त आणि उपस्थिती यांची साक्षांकित प्रत वनहक्क नियमांतल्या नियम १२(४) खाली द्यावी.' या नियमात ग्रामसभेने किंवा तिने निवडलेल्या वनहक्क समितीने लेखी मागितलेली कागदपत्रं द्यावीच लागतात. माहिती अधिकाराचा अर्ज हा दुसरा मार्ग. त्याला १० रुपये, ३० दिवस, आणि आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. पहिला मार्ग असताना लोक उगाच दुसऱ्याने जातात.

आता त्रुटी.

७५ वर्षांची गल्लत सगळीकडे होते. कायद्यात इतर पारंपरिक वननिवासी म्हणजे १३ डिसेंबर २००५ पूर्वी किमान तीन पिढ्या, पिढी २५ वर्षांची, मुख्यतः वनात राहणारे आणि उपजीविकेसाठी वनावर अवलंबून असलेले लोक. अट वास्तव्याची आणि अवलंबनाची आहे, दावा केलेल्या तुकड्यावरच्या ताब्याची नाही. केंद्रीय आदिवासी मंत्रालयाच्या १२ जुलै २०१२ च्या मार्गदर्शक सूचना पत्रासोबत जोडा. शिवाय तुमच्याकडे निम्मी कुटुंबं अनुसूचित जमातीची आहेत, त्यांना ही अट लागतच नाही. सामूहिक वनसंसाधनाचा, म्हणजे गाव पूर्वापार वापरत आलेल्या जंगलाचा, हक्क ग्रामसभेचा असतो, तो घरोघर वाटून मोजत नाहीत.

तरी पुरावा भक्कम ठेवाच. डिसेंबर १९३० च्या आधी गाव होतं हे दाखवायचं आहे, म्हणजे मध्य प्रांताच्या काळातले जमीन बंदोबस्ताचे (सारा ठरवतानाचे) कागद, त्या वेळची जनगणना, जिल्ह्याचं गॅझेटियर. निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज (गावाच्या वापराच्या आणि रूढीच्या हक्कांच्या नोंदी) यांच्याकडून भलती अपेक्षा करू नका. हाती येतात ते बहुधा मालगुजारी (जुनी जमीनदारी) गेल्यानंतरचे, म्हणजे १९५१ च्या पुढचे असतात. त्यांनी ७५ वर्षं सिद्ध होत नाहीत, पण गाव कुठल्या जंगलातून जळण, चराई, बांबू घेत होतं हे त्यांच्याइतकं नेमकं दुसरा कुठलाच कागद सांगत नाही. सामूहिक दाव्यासाठी ते सोनं आहे. जोडीला दावेदार नसलेल्या वयस्कांचे जबाब, देवराई, मसणवट, जुने बंधारे, तळी. नियम १३ मध्ये हे सगळं पुरावा म्हणून मान्य आहे, आणि अमुकच कागद हवा असा हट्ट समितीला धरता येत नाही. उपग्रह चित्र जोडता येतं, पण इतर पुराव्याच्या जागी तेच हवं असं कुणी म्हणू शकत नाही.

४ हेक्टर ही मर्यादा कलम ३(१)(क) च्या वैयक्तिक कसणुकीला आहे. सामूहिक वनसंसाधनाला क्षेत्राची मर्यादा नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरवर हक्क मिळाला, तोही याच कायद्याने.

प्रतिनिधी गैरहजर राहिल्याचा मुद्दा नियम १२-अ मध्ये सोडवलेला आहे. वनहक्क समितीने कळवल्यावर वन आणि महसूल खात्याच्या लोकांनी जागेवर हजर राहून पदनाम, तारीख आणि शेरा घालून सही करायची असते. ते आले नाहीत आणि नंतर त्याच कारणाने हरकत घेतली, तर दावा एकदा फेरपडताळणीसाठी ग्रामसभेकडे येतो. दुसऱ्यांदाही आले नाहीत तर पडताळणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम. तुमच्याकडे पहिल्या पडताळणीच्या सूचनेची पोच आहे का? नसेल तर हा मुद्दा तुमच्या बाजूने फार ओढता येणार नाही.

महामंडळाचं क्षेत्र: कायद्यात 'वनजमीन' म्हणजे वनक्षेत्रातली कुठल्याही वर्णनाची जमीन. राखीव, संरक्षित, अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान सगळं त्यात आलं. कुणाला चालवायला दिली म्हणून ती वनजमीन राहत नाही असं होत नाही. शेजारच्या हद्दीबद्दल नकाशाचे जाणकार सांगतील.

माझं मत: फाइल पुन्हा करू नका. मुद्देसूद उत्तर द्या, प्रत जिल्हास्तरीय समितीला.

बांधावरून

दप्तरखाना यांचं कायद्याचं सगळं बरोबर, पण शेवटच्या सल्ल्याआधी एक कागद बघायला हवा होता: ज्या सभेत दाव्याचा ठराव झाला तिची उपस्थिती. टिपणात ती त्रुटी काढलेली नाही म्हणून ती नाहीच असं समजू नका. जिल्ह्याला फाइल गेल्यावर तिथे ती निघते, आणि तेव्हा सगळा जुगाड कोसळतो.

नियमांच्या २०१२ च्या सुधारणेनंतर वनहक्काच्या ग्रामसभेला गणपूर्ती (किमान उपस्थिती) अशी: ग्रामसभेच्या एकूण सदस्यांपैकी किमान निम्मे हजर, हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया, आणि दाव्यांवर ठराव असेल तेव्हा दावेदारांपैकी किंवा त्यांच्या प्रतिनिधींपैकी किमान निम्मे हजर. ग्रामपंचायत अधिनियमातली १५ टक्के किंवा १०० माणसं ही गणपूर्ती इथे चालत नाही. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही ही ग्रामपंचायतीची सवयसुद्धा इथे चालत नाही, आणि ग्रामसेवक मंडळी नेमकी तिथेच चुकतात. पहिली सभा अपुरी, अर्ध्या तासाने तीच तहकूब सभा भरली, ठराव मंजूर. तो ठराव वनहक्कासाठी शून्य.

तुमच्या ४१२ ला २०६ माणसं हवीत, आणि २०६ हजर असतील तर त्यांत किमान ६९ बाया. सभा तुमच्या गावाची हवी, तिन्ही गावांच्या गटाची नव्हे. वर दिलेल्या २०१२ च्या सूचनांतही हेच आहे, की पंचायत पातळीवर सभा भरवून वनहक्काचे ठराव घेऊ नयेत.

वनहक्क समितीची रचनाही तपासा. १० ते १५ सदस्य, किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे, किमान एक तृतीयांश स्त्रिया. २००८ च्या मूळ नियमांत जमातीचं प्रमाण एक तृतीयांश होतं, त्यामुळे जुन्या समित्या आजच्या नियमात बसत नाहीत. बऱ्याच गावांत समिती २००८ सालची आहे, निम्मे सदस्य हयात नाहीत आणि सह्या मात्र त्यांच्याच नावाने होतात.

कोरडा_नाला

दोघांचे आभार. वही काढून पाहिली. ठरावाच्या सभेला १८७ हजर, त्यांत ७१ स्त्रिया. समिती १३ जणांची, त्यांत जमातीचे ८. पडताळणीची सूचना वनपरिक्षेत्र कार्यालयात हातोहात दिली होती, पोच नाही.

बांधावरून

मग प्रश्न मिटला, पुन्हा करा. १३ चे दोन तृतीयांश म्हणजे किमान ९, तुमच्याकडे ८. उपस्थिती १९ ने कमी. पोच नाही. हे तिन्ही काही आठवड्यांचं काम आहे, आणि यांवर वर्षानुवर्षं भांडत बसण्यात अर्थ नाही. दाव्याची तारीख जाण्याची भीती सोडा. सामूहिक दावा दाखल करायला कायद्यात अखेरची तारीख नाही. १३ डिसेंबर २००५ ही तारीख हक्क कुणाचा ते ठरवते, अर्ज कधी करायचा ते नाही.

क्रम असा ठेवा.

पहिली सभा समितीच्या पुनर्रचनेची. अध्यक्ष आणि सचिव समितीने आपल्यातून निवडायचे आणि ते उपविभागस्तरीय समितीला कळवायचं. त्याच सभेत जुना ठराव गणपूर्तीअभावी मागे घेतल्याचं आणि दावा व पुरावे कायम ठेवून फेरविचार करत असल्याचं नोंदवा. जुनी फाइल फेकू नका, तिच्यावरच्या आवक क्रमांकामुळे तुम्ही कधीपासून मागताय हे दिसतं.

मग पडताळणीची सूचना. वनपरिक्षेत्र अधिकारी आणि तहसीलदार दोघांना, तारीख, वेळ, भेटण्याची जागा आणि कुठला भाग पाहणार ते लिहून. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्का मारायला टाळाटाळ झाली तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती चिकटवा. तारखेच्या किमान १५ दिवस आधी सूचना गेलेली बरी, म्हणजे 'कळलंच नाही' म्हणायला जागा राहत नाही. आले तर सही घ्या. आले नाहीत तर पंचनाम्यात 'सूचना अमुक तारखेला मिळूनही गैरहजर' एवढी एक ओळ लिहा आणि पुढची तारीख देऊन दुसरी सूचना काढा. पहिल्या वेळची गैरहजेरी तुम्हाला उपयोगाची नाही, दुसऱ्या वेळची आहे.

शेवटी दाव्याची सभा. मतदार यादीची ताजी प्रत समोर ठेवून हजेरी घ्या, प्रत्येक सहीपुढे यादीतला अनुक्रमांक. स्त्री आणि पुरुष यांची पानं वेगळी, प्रत्येक पानाच्या तळाशी बेरीज आणि पानाचा क्रमांक. अंगठा असेल तर शेजारी ओळखणाऱ्याची सही. गणपूर्ती झाली हे ठरावाच्या पहिल्या परिच्छेदात आकड्यांनी लिहा: एकूण सदस्य, हजर, त्यांत स्त्रिया, हजर दावेदार. सभेची वेळ शेतीच्या आणि मोहफुलाच्या कामाबाहेरची ठेवा. मोह पडायच्या दिवसांत सकाळी आठला सभा बोलावली तर बाया येणार नाहीत, आणि मग ते ६९ कुठून आणायचे?

ठरावात 'शिफारस करण्यात येते' असं मोघम लिहू नका. चतुःसीमा, कक्ष (वनविभागाने पाडलेला जंगलाचा भाग) क्रमांक, गट क्रमांक, हेक्टर, कलम ३(१) मधले कुठले हक्क, सगळं ठरावातच हवं. नमुना 'ब' निस्तार (जळणासारखा घरगुती वापर), गौण वनोपज, चराई, मासेमारी यांसाठी, आणि नमुना 'क' कलम ३(१)(झ) खालच्या राखण, पुनर्निर्माण, संवर्धन आणि व्यवस्थापनासाठी. फक्त 'ब' भरून गावं बसून राहतात आणि मग जंगलाचं व्यवस्थापन आपल्याकडे का आलं नाही म्हणून विचारतात. तुम्ही दोन्ही भरलेत, हे चांगलं केलंत.

दप्तरखाना

माझा सल्ला बदलतो, १८७ वर लढता येणार नाही. टिपणाला उत्तर मात्र तरीही द्या, त्या चार मुद्द्यांवर. नाहीतर नवीन फाइलही त्याच चार कारणांनी परत येईल.

नकाशेवाला

हाताने काढलेला नकाशा चालतो. कुठल्याही नियमात यंत्राने मोजलेला नकाशा बंधनकारक नाही. पण क्षेत्राचा वाद निघाला की हाताच्या नकाशाला उत्तर देता येत नाही, म्हणून दोन्ही द्या.

आधी जमिनीवर मोठा नकाशा काढून घ्या. वयस्क माणसं, गुरं राखणारे आणि वनोपज गोळा करणाऱ्या बाया वेगवेगळ्या बसवा. पुरुषांना सीमेचे दगड आणि नाले आठवतात, बायांना तेंदूच्या, मोहाच्या, कंदांच्या जागा आठवतात, आणि दावा वापराचा असल्याने दुसरी यादी जास्त महत्त्वाची. नाल्यांची, टेकड्यांची, देवांची स्थानिक नावं नकाशावर तशीच लिहा. वनविभागाच्या नकाशात ती नसतात, म्हणूनच ती पुरावा ठरतात.

मग सीमेवरून चालणं. जीपीएस यंत्र किंवा फोन, मापन डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएसचा नेहमीचा आधार) वर, अक्षांश-रेखांश दशांशात, किमान पाच दशांश स्थळं. वाट आपोआप नोंदवत ठेवाच, शिवाय प्रत्येक वळणावर थांबून वेगळा बिंदू घ्या आणि तिथला फोटो. दाट झाडीत चूक ५ ते १० मीटरची येते, या कामाला ती चालते. नेहमी होणाऱ्या चुका सांगतो. फोनची बॅटरी बचत चालू राहिली की खिशात गेल्यावर नोंद थांबते आणि दोन बिंदूंमध्ये सरळ रेघ ओढली जाते, नकाशावर तेवढं जंगल कापलं जातं. चालताना पाणी प्यायला आत-बाहेर गेलेल्या वाटा तशाच ठेवल्या तर क्षेत्रफळ चुकतं, म्हणून क्षेत्र वाटेवरून नाही, वळणांच्या बिंदूंवरून काढा. क्षेत्रासाठी यूटीएम प्रक्षेप (मीटरमध्ये मोजता येणारी नकाशाची पद्धत) वापरा. ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला, म्हणजे नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या बाजूला विभाग ४४ उत्तर, पश्चिमेला ४३ उत्तर. आणि जुन्या स्थलदर्शक नकाशावर थेट आपले बिंदू टाकू नका. तो एव्हरेस्ट या जुन्या, वेगळ्या मापन आधारावरचा असतो, फरक शंभर मीटरच्या वर जातो, आणि मग सीमा भलत्याच नाल्यावरून जाते.

कक्षांचा नकाशा आणि गावनकाशा उपविभागस्तरीय समितीने द्यायचा असतो, मतदार यादीसुद्धा. तो मागून घ्या, त्यावर आपली सीमा चढवा, आणि एक तक्ता करा: कक्ष क्रमांक, त्यातलं पूर्ण किंवा अंशतः क्षेत्र, हेक्टर. तक्त्याची बेरीज आणि ठरावातला आकडा दशांशापर्यंत जुळला पाहिजे. ६४० आणि ६३८.७ असा फरक पडला की फाइल पुन्हा खाली.

शेजारच्या हद्दीबद्दल: सामूहिक वनसंसाधनाची सीमा ही रूढीची, पारंपरिक सीमा. ती महसुली सीमेशी जुळलीच पाहिजे असं नाही. पण शेजाऱ्याला न विचारता ती सीमा तुमचीच म्हणता येत नाही. दोन्ही गावांच्या वनहक्क समित्यांनी नियम १२(३) प्रमाणे एकत्र बसून निष्कर्ष लेखी द्यायचे. तोडगा तीन प्रकारांनी निघतो: सीमा ठरवणं, सामाईक भाग दोघांच्या दाव्यात 'सामाईक' म्हणून दाखवणं, किंवा एकाचा हक्क मान्य करून दुसऱ्याला ठराविक वापर, समजा फक्त चराई किंवा मोहाची झाडं, लिहून देणं. तिसरा प्रकार सर्वांत टिकाऊ, कारण प्रत्यक्षात वापर तसाच असतो. सीमेवर दोन्ही गावांची माणसं एकत्र चालवा, प्रत्येक वळणाच्या बिंदूवर दोन्हीकडच्या सह्या. जमलंच नाही तर वाद उपविभागस्तरीय समितीकडे जातो, आणि तिथे गेला की लवकर परत येत नाही.

फळीमुनशी

तेंदूबद्दल विचारलंय म्हणून लिहितो. पण त्याआधी हक्कपत्र हातात घेताना ते वाचा. समारंभात घेऊन फोटो काढून घरी आल्यावर वाचलं तर उशीर होतो. सामूहिक वनसंसाधनाचं हक्कपत्र जोडपत्र ४ मध्ये असतं. नाव ग्रामसभेचं हवं, ग्रामपंचायतीचं किंवा समिती अध्यक्षाचं नको. 'वनविभागाच्या कार्य आयोजनेच्या (म्हणजे त्यांच्या जंगल व्यवस्थापन आराखड्याच्या) अधीन राहून' यासारखी अट घुसलेली असेल तर तिथल्या तिथे लेखी हरकत द्या. क्षेत्र मागितल्यापेक्षा कमी असेल तर कारणांचा आदेश मागा. आणि अंतिम नकाशा तीन महिन्यांच्या आत महसूल आणि वन अभिलेखात चढायला हवा. तो चढला का, हे कुणी बघत नाही. पुढे खाण किंवा रस्ता आला की त्या अभिलेखातच शोध घेतला जातो.

जिल्हास्तरीय समितीने नाकारलंच तर कायद्याने तो निर्णय अंतिम. अनुसूचित क्षेत्रात २०२० च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने विभागीय आयुक्तांच्या समितीकडे अपिलाची सोय झाली, तुमचं गाव त्यात येत नाही. तुम्हाला उच्च न्यायालय, म्हणजे नागपूर खंडपीठ.

आता तेंदू. तेंदू आणि बांबू हे कायद्याने गौण वनोपज आहेत, मालकी गोळा करणाऱ्यांची, कुठलीही रॉयल्टी वनविभागाला देणं नाही. वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या नियम ४(१)(ङ) खालच्या समितीने द्यायचा. मेंढा (लेखा) गावाला हक्क २००९ चा असूनही बांबूच्या वाहतुकीचं परवाना पुस्तक २०११ च्या एप्रिलमध्ये, तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले तेव्हा मिळालं. तेव्हा हा विषय हक्कपत्र मिळाल्याच्या आठवड्यात हाती घ्या: समिती नेमल्याचा ठराव, सही करणाऱ्यांची नावं आणि नमुना सह्या, शिक्क्याचा ठसा, परवान्याचा नमुना, हे सगळं उपवनसंरक्षक कार्यालयाला आणि वाटेतल्या प्रत्येक तपासणी नाक्याला पोच घेऊन द्या. परवाना तीन प्रतींत: वाहनासोबत, खरेदीदाराला, दप्तरी. क्रमांक छापील असू द्या, हाताने टाकलेल्या क्रमांकावर नाक्यावर हमखास वाद होतो.

हंगामाचं वेळापत्रक उलटं मोजा. पानं मे महिन्यात तुटतात. बुटकटाईनंतर (तेंदूची झुडपं छाटल्यावर) पान तयार व्हायला ४० ते ४५ दिवस लागतात, म्हणून बुटकटाई फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत. बुटकटाईचा खर्च खरेदीदाराने उचलायचा असेल तर करार त्याच्याही आधी हवा, म्हणजे निविदेची जाहिरात डिसेंबर-जानेवारीत. एप्रिलमध्ये लिलाव करणाऱ्या गावाला ठेकेदार म्हणेल तो भाव घ्यावा लागतो, कारण पान थांबत नाही.

करारात काय असावं ते ठेकेदार सांगणार नाही, म्हणून लिहितो. पुडा ७० पानांचा, प्रमाण गोणी १००० पुड्यांची. मजुरी दर १०० पुड्यांमागे आणि ग्रामसभेची रॉयल्टी दर प्रमाण गोणीमागे, हे दोन आकडे वेगळे लिहा. दोन्हींचा एकच भाव सांगणारा ठेकेदार नंतर मजुरी वाढवली म्हणून रॉयल्टी कापतो. अनामत रक्कम ग्रामसभेच्या खात्यात करारावर सही होण्याआधी. मजुरी आठवड्याला, थेट खात्यावर. रॉयल्टीचा मोठा हिस्सा बोदभराईच्या (पुडे मोठ्या गोणीत भरण्याच्या) आधी आणि उरलेला वाहतुकीचा परवाना फाडण्याआधी. पुडे फळीवर (पुडे मोजून घेण्याच्या जागेवर) असेपर्यंत माल तुमचा असतो. बोद गोदामात गेले की हातात फक्त कागद उरतो, आणि बुडालेल्या रकमा जवळजवळ सगळ्या याच टप्प्यावर बुडतात. अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली तर नुकसान कुणाचं, हे स्पष्ट लिहा: पुडा मोजून फळीवर घेतला की जोखीम खरेदीदाराची. ही ओळ नसली की भिजलेल्या प्रत्येक पुड्याचे पैसे कापले जातात.

फळीवर मोजणारा ग्रामसभेचा माणूस हवा, ठेकेदाराचा मुनशी (हिशोबनीस) सोबत बसू द्या. दोन वह्या, रोज संध्याकाळी दोघांच्या सह्या, कुटुंबाच्या कार्डावर त्याच वेळी नोंद. 'खराब' म्हणून बाजूला काढलेले पुडे त्याच दिवशी परत द्यायचे, नाहीतर ते फुकट गोणीत जातात.

बँक खातं ग्रामसभेच्या नावाने, तीन सह्यांपैकी दोन, त्यांत एक स्त्री असावी. ग्रामपंचायतीचं खातं वापरू नका, ते पैसे मग पंचायतीच्या हिशोबात मिसळतात. पॅन काढा आणि हंगामाआधी सीएला भेटा. तेंदूच्या विक्रीवर कर गोळा करण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर येते, म्हणजे ग्रामसभेवर. ते माहीत नसल्यामुळे नोटिसा येतात.

कोरडा_नाला

फार उपयोगी. एक राहिलं. क्षेत्रात बांबूही आहे. पहिल्याच वर्षी दोन्ही हाती घ्यावं का?

फळीमुनशी

नको. तेंदू दरवर्षी येतो, चुकलं तर पुढल्या वर्षी सुधारता येतं. बांबू चुकीचा तोडला तर बेट वर्षानुवर्षं सावरत नाही. आधी कक्षवार बेटं मोजा, क्षेत्राचे तीन किंवा चार भाग करा आणि दरवर्षी एकाच भागात तोड. एक वर्षाच्या आतल्या काठ्यांना हात लावायचा नाही, प्रत्येक बेटात काही जुन्या काठ्या आधाराला ठेवायच्या, काप जमिनीपासून १५ ते ३० सेंटीमीटरवर, पेराच्या लगेच वर, म्हणजे खुंटात पाणी साचून ते कुजत नाही. पावसाळ्यात, कोंब येत असताना तोड बंद. हे सगळं नियम ४(१)(च) खालच्या व्यवस्थापन आराखड्यात लिहून ग्रामसभेत मंजूर करा. ठेकेदाराच्या करारात आराखड्याचा उल्लेख करून दर बेटामागचा दंडही घाला. तोड करणारे मजूर बाहेरचे असतील तर बेटाची मधली बाजू सोडून कडेच्या कोवळ्या काठ्या आधी कापतात, कारण तिथे हात सहज पोचतो. म्हणून तोडीच्या वेळी गावचा माणूस जागेवर हवा, नंतर खुंट मोजून काही हाती लागत नाही.

नकाशेवाला

बेटं मोजायला सीमेचाच नकाशा वापरा. कक्षावर २०० मीटरच्या चौकटींची जाळी आखून चौकटींच्या कोपऱ्यांवर १० मीटर त्रिज्येची वर्तुळं मोजली तर अंदाजाला पुरतं, सगळं जंगल मोजायची गरज नाही. पहिल्या मोजणीत कोवळ्या, दोन वर्षांच्या आणि जुन्या काठ्या वेगळ्या लिहा. एकच एकूण आकडा घेतलात तर किती तोडता येतील ते त्यातून निघत नाही.